कॉम्पॅक्ट कॅमेरा ‘स्लो’ का वाटतो? बटण दाबल्यापासून फोटो पडेपर्यंतचा हिशोब

शटरखटका

खिशात मावणारा कॅमेरा घेताना बहुतेक जण खोक्यावरचा एकच आकडा बघतात, सेकंदाला किती फोटो. सोनीच्या आरएक्स१०० मार्क ७ ला २०, कॅननच्या जी७ एक्स मार्क ३ ला ३०. मग बारशाला पहिला फोटो काढायला जावं, तर बाळाचं हसू मावळल्यावर कॅमेरा ‘खट्’ करतो आणि त्याच्यावर स्लो असल्याचा शिक्का बसतो.

ते २० आणि ३० पहिला फोटो पडल्यानंतरचे आकडे आहेत. पहिला फोटो कधी पडेल हे त्यातून कळतच नाही, आणि घरगुती वापरात आपल्याला हवा असतो तो नेमका पहिलाच.

बंद कॅमेरा हातात घेतल्यापासून हिशोब मांडू. आधी लेन्स बाहेर येते. झूमवाल्या कॅमेऱ्यांना त्यासाठी साधारण दीड ते दोन सेकंद लागतात. रिकोचा जीआर ३ सुमारे ०.८ सेकंदात तयार होतो, कारण त्याला झूमच नाही आणि लेन्स जेमतेम बाहेर येते. मग फोकस. उन्हात तो पटकन होतो, घरातल्या दिव्यात अर्धा-पाऊण सेकंद सहज खातो आणि कधी कधी होतच नाही. शेवटी बटण पूर्ण दाबल्यापासून शटर पडेपर्यंतचा वेळ. बटण अर्धं दाबून फोकस आधीच केलेला असेल, तर हा वेळ सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी असतो. डोळ्यांनी बघून बोट हलवायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात, म्हणजे इथे कॅमेरा माणसाच्या पुढे असतो.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच की वेळ जातो तो फोकसमध्ये, आणि फोकस आधी उरकून ठेवणं आपल्या हातात आहे. बटण अर्धं दाबा, हिरवी चौकट आली की बोट तसंच धरून ठेवा, क्षण आला की उरलेलं दाबा. कुठल्याही किमतीच्या, कुठल्याही वर्षीच्या कॅमेऱ्याला हे लागू आहे.

---

आडवाट

मुद्दा पटला. पण हे घरी मोजायचं कसं? ‘स्लो वाटतो’ आणि ‘स्लो आहे’ यात फरक असेल तर तो आकड्यांत दिसायला हवा.

---

शटरखटका

@आडवाट, मोबाईलचं स्टॉपवॉच पुरतं. शंभरावे भाग दाखवणारं घ्या.

मोबाईल उभा करून साधारण एक मीटरवर ठेवा. कॅमेऱ्याचा शटर वेग १/१२५ च्या आसपास असू द्या. डोळे कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर नकोत, थेट मोबाईलवर हवेत, कारण कॅमेऱ्याची स्क्रीन स्वतःच थोडी मागे असते. ५.०० चा आकडा येईल त्याच क्षणी बटण एका दमात पूर्ण दाबा. आकडा दिसल्यावर दाबायचं नाही, टाळी धरतो तसं अंदाज घेऊन त्याच ठोक्यावर दाबायचं. फोटोत ५.५२ दिसलं तर उशीर ०.५२ सेकंद. असं दहा वेळा करा, सगळ्यात चांगला आणि सगळ्यात वाईट आकडा सोडा, उरलेल्या आठांची सरासरी काढा.

मग हेच बटण आधी अर्धं दाबून ठेवून करा. दोन सरासऱ्यांतला फरक म्हणजे तुमच्या कॅमेऱ्याचा फोकसचा वेळ.

दोन ठिकाणी हमखास चूक होते. एक, दर फोटोनंतर कॅमेरा खिडकीबाहेर लांबवर रोखून बटण अर्धं दाबा आणि मग परत मोबाईलकडे वळवा. नाहीतर लेन्स आधीच एक मीटरवर बसलेली असते आणि आकडा फसवा चांगला येतो. दोन, मोबाईलची स्क्रीन साधारणपणे सेकंदाला ६० वेळाच बदलते, त्यामुळे ०.०२ पेक्षा बारीक फरकाला अर्थ नाही. शेवटच्या घरात दोन आकडे एकमेकांवर चढलेले दिसतील, ते सोडून द्या.

दिवसा खिडकीपाशी एकदा आणि रात्री दिवे लावून एकदा मोजा. खरी गंमत रात्रीच्या आकड्यात आहे.

कॅमेरा चालू व्हायला किती वेळ लागतो ते दुसऱ्या मोबाईलच्या स्लो मोशनने मोजता येतं. २४० फ्रेमच्या चित्रणात बोट बटणावर टेकलं ती फ्रेम आणि स्क्रीनवर दृश्य आलं ती फ्रेम, मधल्या फ्रेम मोजा, २४० ने भागा.

---

रेघोटी

रात्री फोकस का रेंगाळतो याचं कारण सांगते. आरएक्स१०० च्या पहिल्या चार पिढ्या आणि कॅननची सगळी जी७ एक्स मालिका कॉन्ट्रास्ट पद्धतीने फोकस करतात. लेन्स थोडी सरकते, सेन्सर (कॅमेऱ्यातला चित्र टिपणारा भाग) कडा किती ठसठशीत झाल्या ते बघतो, आणखी थोडी सरकते, पुन्हा बघतो. सगळ्यात ठसठशीत जागा मागे गेली हे कळायला ती ओलांडावीच लागते, मग लेन्स परत फिरते. घुरघुर करत स्क्रीन एकदा धूसर, एकदा स्पष्ट होते ती त्यामुळे. फेज पद्धतीत कुठल्या दिशेला आणि किती सरकायचं हे आधीच कळतं. आरएक्स१०० मालिकेत ती मार्क ५ पासून, म्हणजे २०१६ मध्ये आली. मार्क ७ मध्ये तिचे ३५७ बिंदू आहेत.

मार्क ७ च्या फोकससाठी सोनीने ०.०२ सेकंदाचा आकडा दिला आहे. तो लेन्सच्या वाइड टोकाला, म्हणजे झूम न करता, भर उन्हासारख्या उजेडात मोजलेला आहे. ट्यूबलाइटच्या खोलीत उजेड त्याच्या शेकडो पटींनी कमी असतो. शिवाय झूम करत गेलं की याच लेन्सचं छिद्र एफ/२.८ वरून एफ/४.५ पर्यंत बारीक होतं. मंगल कार्यालयात मागच्या रांगेतून २०० मिमी, म्हणजे पूर्ण झूम, लावून फोकस रेंगाळतो तो या दोन्ही गोष्टी एकत्र आल्यामुळे. शक्य असेल तर चार पावलं पुढे जा आणि झूम कमी करा. हा सगळ्यात स्वस्त उपाय.

आणखी दोन बारीक गोष्टी, ज्या कुणी तपासत नाही. लेन्सशेजारी फोकससाठीचा छोटा दिवा असतो, केशरी किंवा हिरवा. कॅमेरा लहान असल्याने उजव्या हाताचं मधलं बोट बरोब्बर त्याच्यावर येतं. कॅमेरा आरशासमोर धरून एकदा बघाच. दुसरी, लेन्सवरचा बोटाचा ठसा. तेलकट ठशाने चित्रातला कॉन्ट्रास्ट उतरतो, आणि फोकस तर त्याच्याच भरवशावर असतो. स्वच्छ मायक्रोफायबरचं फडकं पुरे. सदऱ्याचं टोक किंवा ओढणी वापरू नका, धुळीचे कण घासले जातात.

---

पाणकावळा

कॅमेरा फास्ट करायचा असेल तर कार्ड बदला. साधं कार्ड काढून व्ही९० (सगळ्यात वेगाने लिहिणाऱ्या वर्गाचं) टाकलं की फरक लगेच दिसतो.

---

मोजपट्टी

@पाणकावळा, हे सरसकट खरं नाही, आणि त्यापायी लोकांचे पैसे वाया जातात म्हणून सविस्तर लिहितो.

पहिल्या फोटोच्या वेगाशी कार्डाचा संबंध नाही. फोटो आधी कॅमेऱ्यातल्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठवणीत, जातो, तिथून सवडीने कार्डावर उतरतो. कार्डाची कसोटी लागते ती बफर भरल्यावर. समजा सलग ३० रॉ (सेन्सरची कच्ची, मोठी फाइल) फोटो काढले आणि एक रॉ साधारण २० एमबीचा आहे. झाले ६०० एमबी. कार्ड सेकंदाला ३० एमबीच्या वेगाने लिहीत असेल तर बफर रिकामा व्हायला २० सेकंद, ६० च्या वेगाने १० सेकंद. तेवढ्या वेळात काही मेनू उघडत नाहीत, काही कॅमेऱ्यांत फोटो बघताही येत नाहीत. तुम्ही एकेक जेपेग काढत असाल तर हा प्रश्न उद्भवतच नाही.

आता व्ही९०. तो वेग मिळतो यूएचएस-२ कार्डांत, ज्यांच्या पाठीवर सोनेरी पट्ट्यांची दुसरी ओळ असते. आरएक्स१०० मार्क ७, जी७ एक्स मार्क ३ आणि जीआर ३ यांचे खाचे यूएचएस-१ चे आहेत. तिथे ती दुसरी ओळ कशालाच टेकत नाही आणि कार्ड यूएचएस-१ सारखंच चालतं. त्या पद्धतीची कमाल मर्यादाच १०४ एमबी आहे. कार्डावर ठळक छापलेला १७० किंवा २०० चा आकडा वाचनाचा असतो, तोही त्या कंपनीच्या खास रीडरमध्ये मिळणारा. लिहिण्याची हमी बारीक चिन्हांत असते. गोलातला १० म्हणजे किमान १० एमबी, यू३ किंवा व्ही३० म्हणजे किमान ३०. ए१, ए२ ही चिन्हं मोबाईलमधल्या ॲपसाठी आहेत, कॅमेऱ्याला त्यांचा उपयोग नाही.

यू३/व्ही३० चं ६४ किंवा १२८ जीबीचं कार्ड या तिन्ही कॅमेऱ्यांना पुरतं. खात्रीच्या दुकानातून घ्या आणि घरी आल्यावर संगणकावर एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ या कार्ड तपासणाऱ्या प्रोग्रामने पूर्ण भरून तपासा. बनावट कार्ड १२८ जीबी सांगतं आणि प्रत्यक्षात त्यात ८ असतात. पहिले ८ जीबी व्यवस्थित चालतं, त्यापुढचे फोटो जातात.

---

पाणकावळा

@मोजपट्टी, खाच्याचा मुद्दा माहीत नव्हता. मग एक विचारतो. माझ्याकडच्या कार्डात चारेक हजार फोटो आहेत. कॅमेरा चालू व्हायला आणि फोटो बघायला वेळ लागतो तो यामुळे असेल का?

---

मोजपट्टी

हो, असू शकतं. विशेषतः कार्ड संगणकावर लावून काही फोटो पुसले असतील, नावं बदलली असतील तर. सोनीचे कॅमेरे कार्डावर आपली एक वेगळी नोंदवही ठेवतात. तिचा आणि प्रत्यक्ष फायलींचा मेळ बसला नाही की ती दुरुस्त करू का असं विचारतात आणि त्यात वेळ जातो. फोटो दोन ठिकाणी उतरवून घ्या आणि कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. पुसणं आणि फॉरमॅट करणं ही दोन्ही कामं कॅमेऱ्यातच करायची, एवढा नियम पाळला तरी पुरे.

---

दिवेलागण

फ्लॅशबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. ‘एक फोटो काढला की कॅमेरा मरतो’ ही तक्रार बहुतेक वेळा फ्लॅशची असते.

फ्लॅशच्या मागे एक कपॅसिटर असतो. तो सुमारे ३०० व्होल्टपर्यंत भरावा लागतो, आणि भरणार कोण, तर ती नखाएवढी बॅटरी. जोराचा फ्लॅश पडला की कपॅसिटर रिकामा, पुन्हा भरेपर्यंत तीन-चार सेकंद, बॅटरी उतरलेली असेल तर त्याहून जास्त. तेवढ्यात कित्येक कॅमेरे स्क्रीनही काळी करतात.

उपाय आयएसओमध्ये, म्हणजे प्रकाशाला कॅमेरा किती संवेदनशील ठेवायचा त्या आकड्यात, आहे. आयएसओ १०० वरून ४०० केला की त्याच अंतरावर फ्लॅशला चौथा हिस्सा प्रकाश पुरतो. कपॅसिटर पूर्ण रिकामा होत नाही, लवकर भरतो, मागची खोलीही काळीकुट्ट येत नाही. १ इंची सेन्सरला ८०० पर्यंत जायला हरकत नाही.

आणि रेड-आय कमी करण्याची सोय बंद करा. ती चालू असली की आधी दिवा किंवा बारीक फ्लॅश चमकतो, मग सुमारे सेकंदभराने खरा फोटो पडतो. पहिली चमक बघून लोकांना वाटतं फोटो झाला, आणि माना वळतात. ग्रुप फोटो बिघडतात ते इथे. लाल डोळे नंतर मोबाईलवरही काढता येतात.

---

आडवाट

रात्रीचे आकडे काढले. तीन-चार वर्षं जुना कॉन्ट्रास्टवाला कॅमेरा, ट्यूबलाइट. एका दमात दाबून सरासरी ०.६८, अर्धं दाबून ०.०८. उत्तर मिळालं!

पण रस्त्यावर किंवा मिरवणुकीत अर्धं दाबून थांबायला वेळ कुठे असतो? समोर आलेलं दृश्य क्षणात निघून जातं.

---

शटरखटका

तिथे ऑटोफोकस वापरूच नका. जीआर ३ मध्ये यासाठी ‘स्नॅप’ आहे. अंतर आधीच ठरवून ठेवायचं, बटण एका दमात दाबलं की लेन्स शोधाशोध न करता थेट त्या अंतरावर जाते. एफ/८ ला स्नॅप २.५ मीटरवर ठेवला तर साधारण १.१ मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. उजेड कमी म्हणून एफ/५.६ केलं तर १.४ पासून सुमारे १५ मीटरपर्यंत. रस्त्यासाठी तेवढं पुरून उरतं.

आरएक्स१०० मध्येही हे जमतं. लेन्स २४ मिमीच्या टोकाला ठेवा, फोकस मॅन्युअलवर, अंतर २ मीटर, छिद्र एफ/४. साधारण एका मीटरच्या पुढचं सगळं फोकसमध्ये. सेन्सर लहान असल्याचा हा थेट फायदा आहे. फक्त झूमला हात लावू नका. ७० मिमीला हा हिशोब कोसळतो.

मिरवणुकीत दुसरी एक गल्लत होते. फोटो हलला की लोक कॅमेऱ्याला स्लो म्हणतात, पण चुकलेला असतो शटर वेग. चालत्या माणसाला १/१२५, पळत्या मुलांना १/२५०, लेझीम किंवा ढोलावर पडणारं टिपरू गोठवायचं तर १/५०० हवा. ऑटोवर कॅमेरा संध्याकाळी १/३० वर जाऊन बसतो. आयएसओ ऑटो ठेवून किमान शटर वेग ठरवता येत असेल तर तो १/२५० करून टाका. थोडा दाणेदार फोटो चालेल, हललेल्या फोटोचं काही होत नाही.

---

निळीशाई

मार्क ७ वर २० च्या वेगाने स्टेजचे फोटो काढले की आडवे काळे-पिवळे पट्टे येतात. कॅमेऱ्यात दोष आहे का?

---

रेघोटी

@निळीशाई, नाही. तो २० चा वेग इलेक्ट्रॉनिक शटरचा आहे. त्यात सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून तिच्यावरचे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. सेन्सर वाचता वाचता दिवा मंदावला की त्या ओळी काळ्या. शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं की दिव्याची पूर्ण आवर्तनं आत येतात आणि पट्टे जवळजवळ जातात. स्टेजवरच्या एलईडींचा लुकलुकाट याहून वेगळाही असतो, तिथे मेकॅनिकल शटरवर जा. वेग कमी होईल, पण फोटो वापरता येतील.

जी७ एक्स मार्क ३ चा ३० चा वेग तर रॉ बर्स्ट या वेगळ्या सोयीपुरता आहे. फोकसचा पाठलाग चालू ठेवून त्याला ८.३ मिळतात. रॉ बर्स्टची खरी किंमत मला त्या ३० मध्ये वाटत नाही, बटण दाबण्याआधीचा सुमारे अर्धा सेकंदही तो साठवून ठेवू शकतो त्यात आहे. फुंकर मारताना विझणारी मेणबत्ती, उडी मारणारं पोर, असं काही टिपायला उत्तम. मात्र सगळे फोटो एकाच मोठ्या फाइलीत येतात, हवे ते नंतर वेगळे काढावे लागतात. तेवढा वेळ धरूनच वापरा.

---

जुनाबाजार

पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे सीसीडी (जुन्या पद्धतीचा सेन्सर असलेले) कॅमेरे सध्या पुन्हा घेतले जातायत, त्यांच्यासाठी थोडं.

दोन पेन्सिल सेलवर चालणारा कॅमेरा, उदाहरणार्थ कॅननची पॉवरशॉट ए मालिका, स्लो वाटला तर आधी सेल बघा. स्वस्तातले झिंक-कार्बन सेल चार-सहा फोटोंत मान टाकतात. अल्कलाइन बरे, पण त्यांचा अंतर्गत रोध जास्त असल्याने फ्लॅश भरताना व्होल्टेज कोसळतं. निकेल मेटल हायड्राइडचे, साधारण २००० एमएएचचे, ठेवून दिल्यावर फारसे न उतरणारे रिचार्जेबल घ्या. त्यांचं व्होल्टेज १.२ असलं तरी ते मागेल तेवढा प्रवाह देतात. जोडी कायम तीच ठेवा, नवा-जुना एकत्र करू नका.

कार्डाचंही बघून घ्या. फार जुने कॅमेरे फक्त साधं एसडी, म्हणजे २ जीबीपर्यंतचंच ओळखतात. पुढचे एसडीएचसी, म्हणजे ३२ जीबीपर्यंत. जुन्या फुजी आणि ऑलिम्पसमध्ये एक्सडी कार्ड लागतं, जुन्या सोनीत मेमरी स्टिक. कॅमेरा स्वस्त मिळाला आणि कार्डच मिळेना, असं होऊ देऊ नका.

विकत घेताना दुकानातच दहा वेळा चालू-बंद करा. लेन्स दर वेळी एकाच आवाजात, एका लयीत बाहेर यायला हवी. मध्ये अडखळली, ‘कर्रर्र’ केलं, तर झूमच्या नळीत वाळू किंवा धूळ आहे. तो कॅमेरा परत ठेवा.

---

वेळणेश्वर

वाळूचं निघालं म्हणून. किनाऱ्यावर गेल्यावर कॅमेरा खिशात टाकायच्या आधी खिसा उलटा करून झटका. लेन्स अडखळू लागली तर ओढू किंवा ढकलू नका, आतले प्लॅस्टिकचे दाते तुटतात. लेन्स खाली तोंड करून रबरी ब्लोअरने कडेच्या फटीत हवा मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकी जाते. बॅटरी पूर्ण चार्ज करून बघा, कारण उतरलेल्या बॅटरीवर मोटर अर्ध्यात थांबते आणि लेन्सचा एरर येतो. त्यावरही आली नाही तर दुरुस्तीवाल्याकडेच द्या.

पावसाळ्यात एसीच्या गाडीतून उतरल्या उतरल्या लेन्सवर वाफ धरते आणि फोकस सापडत नाही. उतरण्याआधी कॅमेरा हवाबंद पिशवीत ठेवा आणि उतरल्यावर दहा-पंधरा मिनिटं पिशवीतच ठेवून तो बाहेरच्या तापमानाला येऊ द्या.

---

पाणकावळा

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी काय काय बदलून ठेवावं, कुणी एकत्र सांगेल का? माझ्याकडे आरएक्स१०० मार्क ३ आहे.

---

शटरखटका

सुपिरियर ऑटो काढून पी (प्रोग्रॅम) मोड लावा. अंधारात सुपिरियर ऑटो तीन-चार फोटो काढून त्यांचा एक बनवतो आणि तेवढा वेळ ‘प्रोसेसिंग’ दाखवत बसतो. फोटोनंतर तो लगेच स्क्रीनवर दाखवण्याची सोय बंद करा. चेहरा ओळखून फोकस करणं चालू, हसल्यावर आपोआप फोटो काढणं बंद. रॉची गरज नसेल तर फक्त जेपेग. एअरप्लेन मोड चालू, बॅटरी वाचते.

पॉवर सेव्ह एका मिनिटावर असेल तर तो पाच मिनिटांवर न्या. ऐन वेळी लेन्स आत गेलेली असते, ती यामुळेच. त्याची किंमत बॅटरीत मोजावी लागते. या मार्क ३ ला सीपाच्या (कॅमेरा कंपन्यांची जपानी संघटना) मापाने एका चार्जवर सुमारे ३२० फोटो मिळतात, पण त्या चाचणीत दर तीस सेकंदांनी फोटो, दर वेळी झूम, एकाआड एक फ्लॅश असतो. फ्लॅशशिवाय याहून जास्त मिळतील. नुसती स्क्रीन चालू ठेवून उभं राहिलात तर त्याहून कमी. १२४० एमएएचची एनपी-बीएक्स१ बॅटरी एक जास्तीची ठेवा, झालं.

---

जुनाबाजार

यात एक भर. जुने फोटो दाखवायला कॅमेरा चालू करताना पॉवरचं बटण न दाबता थेट प्लेचं बटण दाबा. लेन्स बाहेर येत नाही. आणि फोटो दाखवता दाखवता समोर काही घडलं तर शटर अर्धं दाबलं की कॅमेरा फोटो काढायला परत तयार होतो. कॅननमध्ये फोटो बघत असताना मिनिटभराने लेन्स आत जाते, तेव्हा तिथे लेन्स बाहेर यायचा वेळ पुन्हा लागेल हे धरून चाला.